मेथोट्रेक्सेट मुलाला गोळीतून द्यावं की इंजेक्शनमधून?

मुलाच्या संधिवाताबरोबर डोळ्याच्या आतही सूज आहे, स्टेरॉइडचे थेंब कमी केले की स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) पुन्हा सुजेच्या पेशी दिसतात, आणि आता डॉक्टर मेथोट्रेक्सेट (रोगप्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं औषध) म्हणतायत, अशा टप्प्यावर असलेल्या आई-बाबांसाठी हे लिहितोय. औषध सुरू करावं का, यात मी शिरत नाही. थेंब फार काळ चालले तर मोतिबिंदू आणि काचबिंदूची भीती असते. सूज तशीच राहिली तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते, बुबुळावर कॅल्शियमचा पांढरट पट्टा येतो. आणि हे सगळं डोळा लाल न होता, न दुखता होऊ शकतं. एवढं तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं असणारच.

आमच्या मुलीला आधी गोळी होती, नंतर आम्ही इंजेक्शनवर आलो. दोन्हीबद्दल जे बघितलं ते सांगतो.

गोळीची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करायला हवं. आठवड्यातून एकदा द्यायची, रात्री जेवणानंतर दिली की काम झालं. स्वस्त आहे, बहुतेक मेडिकलमध्ये मिळते, गावी जाताना पाकीट पिशवीत टाकलं की निघता येतं. सुई नाही. ज्या मुलांनी रक्ततपासण्यांमुळे सुईचा धसका घेतलाय, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. काही मुलं वर्षानुवर्षं गोळीवर छान राहतात. तुमचं मूल त्यांतलं असेल, डोळा शांत असेल, तर बदलायची घाई करू नये असं मला वाटतं.

एक काळजी मात्र घ्याच. ही गोळी रोजची नाही, आठवड्याची आहे. चुकून रोज दिली गेली तर जीवावर बेतू शकतं. आम्ही चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहून घेतलं आणि पाकिटावर मार्करने ‘फक्त शनिवार’ असं लिहून टाकलं. घरात आजी-आजोबा औषधं देत असतील तर त्यांना हे समोर बसवून सांगा.

आता आमचं पारडं ज्याने फिरवलं ती गोष्ट. मळमळ.

सुरुवातीला रविवारी सकाळी थोडं पोट ढवळायचं, दुपारपर्यंत ठीक व्हायची. असे त्रास कमी व्हावेत म्हणून देतात ते फोलिक ॲसिड चालूच होतं. मग हळूहळू मळमळ गोळीच्या आधी यायला लागली. शनिवारी संध्याकाळी मी कपाट उघडून पाकीट काढलं की त्या चुरचुर आवाजानेच तिला उमासे यायचे. गोळी मोसंबीच्या रसाबरोबर द्यायचो, तर पुढे मोसंबीच नको झाली. मग पिवळं काहीही नको. आमरसाची वाटीसुद्धा ती बाजूला सारायची, आणि तिला आंबा किती आवडायचा हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. शुक्रवारी शाळेतून आली की विचारायची, “बाबा, उद्या शनिवार ना?” औषध पोटात जायच्या आधीच येणारी ही मळमळ या औषधात ओळखीची आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा निदान मुलगी नाटक करत नाहीये हे घरात सगळ्यांना पटलं. उलटी झाली की आणखी एक घोळ व्हायचा: औषध किती आत गेलं आणि किती बाहेर पडलं? डोळ्याच्या सुजेसाठी आपण महिनोन्‌महिने थांबून परिणाम बघत असतो. डोसच पुरता गेला की नाही याची खात्री नसेल, तर पुढच्या तपासणीत पेशी दिसल्यावर औषध लागू पडत नाही म्हणायचं की पोचलंच नाही म्हणायचं?

इंजेक्शनने हा घोळ संपतो. त्वचेखाली गेलेलं औषध गेलेलंच असतं. शिवाय गोळीचा डोस आठवड्याला 15 मिलिग्रॅमच्या आसपास गेला की आतड्यातून शोषणाला मर्यादा पडते. इंजेक्शनला ती अडचण नसते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनीही, संधिवात असलेल्या मुलांच्या डोळ्यांसाठी हे औषध सुरू करताना इंजेक्शनला झुकतं माप दिलंय. अर्थात तेही सशर्त, सरसकट नाही.

मळमळ पूर्ण गेली का? नाही. इंजेक्शनवरही काही मुलांना होते, आणि ते द्रवही पिवळंच असतं. आम्ही सिरिंज तिच्यामागे भरतो, मांडीवर बर्फ लावतो आणि झोपायच्या जरा आधी टोचतो. आता रविवारी ती पोहे मागून घेते. माझ्या दृष्टीने एवढं पुरेसं आहे.

त्रास आहेतच. टोचायला शिकावं लागतं. दवाखान्यातल्या सिस्टरांनी समोर बसवून शिकवलं, तरी पहिल्यांदा माझा हात थरथरत होता. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या औषधाला हात लावू नये. सुयांचंही बघावं लागतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात, त्यामुळे सुई कधीही कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि तपासणीला जाताना दवाखान्यात द्या. ते घेतात का, हे आधी विचारून ठेवा.

आणखी एक विचार माझ्या मनात होता. मेथोट्रेक्सेटने डोळा आटोक्यात आला नाही तर पुढची पायरी बहुधा अडालिमुमॅब या सूज आटोक्यात आणणाऱ्या जैविक औषधाची असते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत मेथोट्रेक्सेटला त्याची जोड दिल्यावर मुलांच्या डोळ्यांना स्पष्ट फायदा दिसला. ते औषध इंजेक्शनमधूनच मिळतं, बहुधा दर पंधरा दिवसांनी, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, आणि आपल्याकडे आधी टीबीची तपासणी होते. तिथवर जायची वेळ येऊ नये असंच वाटतं. पण आली तर मूल निदान सुईला सरावलेलं असेल.

रक्ततपासण्या, जिवंत लसी टाळणं, डोळ्याची ठरलेली तपासणी, हे दोन्हीत सारखंच. सर्दी-तापासाठी जवळच्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेटचं नाव आधी सांगा, कारण को-ट्रायमॉक्साझोलसारखं साधं वाटणारं अँटिबायोटिक याच्यासोबत रक्तपेशींवर वाईट परिणाम करू शकतं.

इंजेक्शन ठरवलंत तर डोस मिलिग्रॅम आणि मिलिलिटर, दोन्हींत लिहून घ्या. बाटल्या कमी-जास्त तीव्रतेच्या येतात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर मिलिलिटरचा जुना आकडा चालेलच असं नाही. लेबल जुळत नसेल तर त्या रात्री टोचू नका, सकाळी दवाखान्यात फोन करून विचारा.