धारणेलाच ध्यान म्हणणारा वर्ग

‘पातंजल योगपद्धतीने ध्यान’ शिकवणारा आठ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग मी अलीकडेच पूर्ण केला. तिथे जे शिकवले गेले ते मनापासून शिकवले गेले. परंतु ज्याला ध्यान म्हटले जात होते ती बहुतांशी धारणा, म्हणजे चित्त एका जागी बांधण्याचा अभ्यास, होती, आणि हा भेद केवळ शब्दांचा नसल्यामुळे त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिले दोन आठवडे आसन आणि श्वास यांना दिले होते. शरीराचा ताण सैल सोडत ताठ कसे बसावे, हे शिक्षिकेने इतक्या धीराने दाखवले की पूर्वी वीस मिनिटांत पायाला मुंग्या येऊन उठणारी मी आता पाऊण तास बसू शकते. ‘स्थिरसुखमासनम्’ (आसन स्थिर आणि सुखकर असावे) या पतंजलींच्या योगसूत्रातले ‘सुख’ पुष्कळ ठिकाणी विसरले जाते, ते इथे जपले गेले. प्रत्याहार मात्र एका सत्रात उरकला. इंद्रिये विषयांपासून मागे वळल्याखेरीज डोळे मिटले तरी कान बाहेरच राहतात, म्हणून अष्टांगयोगातल्या या पाचव्या अंगाला निदान एक पूर्ण आठवडा हवा होता.

त्यानंतरचे चार आठवडे या वर्गाचे खरे बळ आहेत. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या प्राचीन टीकेत, सांगितलेल्या नाभी, हृदय, नासिकाग्र अशा स्थानांपैकी एक निवडून त्यावर चित्त बांधायचे आणि ते निसटले की न चिडता परत आणायचे, हा अभ्यास उत्तम करून घेतला जातो. पण विभूतिपादाच्या, म्हणजे योगसूत्रांच्या तिसऱ्या भागाच्या, पहिल्या सूत्रानुसार ही धारणा आहे. त्याच ठिकाणी एकच प्रत्यय, म्हणजे चित्तातली एकच जाणीव, अखंड वाहू लागला की दुसऱ्या सूत्रातले ध्यान सुरू होते. धारणा थेंबाथेंबाने पडते आणि ध्यान तेलाच्या धारेसारखे असते, ही परंपरेतली उपमा एकदा जरी सांगितली असती, तरी आपण कुठे आहोत हे प्रत्येकाला कळले असते.

शेवटच्या आठवड्यातले ‘समाधीचा अनुभव’ हे सत्र मला अजिबात पटले नाही. मंद संगीतात मन शांत झाले, हे खरे. परंतु जिथे केवळ ध्यानाचा विषय भासते आणि चित्त जणू स्वरूपशून्य होते, म्हणजे स्वतःला विसरते, ती अवस्था चाळीस मिनिटांच्या सत्रात देऊ करणे योग्य नाही. एका सहाध्यायीने गुंगीलाच समाधी मानले, तर दुसरीने ‘मला काहीच जाणवले नाही’ म्हणून अभ्यास सोडला. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांत, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांत, स्त्यान (चित्ताची जडता) आणि भ्रांतिदर्शन (चुकीची समजूत) आहे, तसेच अलब्धभूमिकत्वही आहे. साधना करूनही पुढची भूमिका न गवसणे ही ओळखीची अडचण आहे, एवढे एक वाक्य त्या दुसरीला थांबवू शकले असते.

नव्या साधकाने पहिल्या सहा आठवड्यांसाठी हा वर्ग जरूर करावा. त्या सत्रांची ध्वनिमुद्रणे लावून मी रोज पहाटे बसते. धार अजून लागलेली नाही, पण दोन थेंबांमधले अंतर थोडे कमी झाले आहे.