शेती कोणी पसरवली: शेतकऱ्यांनी की शेजाऱ्यांनी?

शेतीच्या उगमावर निबंध लिहायचा असो की चहाच्या टपरीवरचा वाद असो, कधीतरी बाजू घ्यावीच लागते. एक पक्ष म्हणतो, शेतकरीच नव्या रानात जाऊन राहिले आणि जाताना बियाणं, शेळ्यामेंढ्या सोबत नेल्या. दुसरा म्हणतो, माणसं जागच्या जागी राहिली, शेजाऱ्याचं बघून शेती करू लागली. पुरावे दोघांकडेही चांगले आहेत, पण ते वेगवेगळ्या मुलखांतले. तेव्हा कुठल्या मुलखाबद्दल बोलायचं ते आधी ठरवा.

युरोपबद्दल बोलायचं असेल तर मी डोळे मिटून पहिला पक्ष घेईन. १९७१ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ काव्हाली-स्फोर्झा यांनी तिथल्या जुन्या शेतीवस्त्यांच्या तारखा नकाशावर मांडल्या आणि वेग काढला: वर्षाला सरासरी साधारण १ किलोमीटर. पिढीला २५-३० किलोमीटर म्हणजे काही स्वारी नव्हे. पोरं वाढली, रान पुरेना, म्हणून दोन ओढे ओलांडून नवी जागा साफ केली, अशी ती चाल. अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, निघालेली शेती इ.स.पू. ६५०० च्या सुमारास ग्रीसमध्ये दिसते आणि ब्रिटनला पोचायला इ.स.पू. ४००० उजाडतं. हा नुसता नकाशा असता तर वाद चालूच राहिला असता. पण सांगाड्यांच्या डीएनएनं निकाल लावला: मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांचे पूर्वज बहुतांशी अनातोलियाचे होते, स्थानिक शिकारी नव्हते. बाल्टिक किनारा मात्र अपवाद. लॅटव्हियातल्या शिकारी लोकांनी मडकी घडवायला सुरुवात केली, पण अनातोलियाचं रक्त तिथे जवळजवळ दिसत नाही.

गंमत म्हणजे जिथे ही शेती जन्मली, त्या पश्चिम आशियात दुसरा पक्ष जिंकतो. इराणच्या झाग्रोस डोंगरातलं गंज दारेह, जिथे इ.स.पू. ८००० च्या सुमारास शेळ्या पाळत होते, तिथली माणसं, अनातोलियातली माणसं आणि जॉर्डन खोऱ्याकडची माणसं, तिन्ही गट वंशानं एकमेकांपासून बरेच लांबचे. एकाच टोळीनं तिन्ही मुलूख व्यापले असते तर असं दिसलं नसतं. बियाणं आणि जनावरं हातोहात फिरली.

पुरावा निवडताना एक सांगतो. खापरांवर फार भिस्त ठेवू नका, मडकं देवघेवीतही येतं. दाणे अधिक सांगतात. रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटून दाणे विखुरतात; पाळीव गव्हाची ओंबी मळेपर्यंत शाबूत राहते. जळालेल्या ओंबीच्या दांड्यावरचा तुटका भाग पाहून हा फरक ओळखता येतो. पण दाणा पिकाची गोष्ट सांगतो, पेरणाऱ्याची नाही. त्यासाठी हाडंच लागतात.

भारतीय उपखंडात खरी पंचाईत होते. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या मेहरगढला जव मुख्य पीक होतं आणि वशिंडाची गुरं होती. पुस्तकांत त्याची सुरुवात इ.स.पू. ७००० अशी छापलेली असते. २०२५ मध्ये दातांच्या इनॅमलवरून काढलेल्या तारखा आल्या आणि ती इ.स.पू. ५२०० च्या आसपास सरकली. एवढा उशीर झाला म्हटल्यावर पश्चिमेकडून शेतकरी आले, हे म्हणणं सोपं होतं. पण २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहरातल्या एका बाईचा डीएनए प्रसिद्ध केला. तिच्या वंशातला इराणी वाटणारा धागा इराणी शेतकऱ्यांपासून शेती सुरू होण्याच्या आधीच फुटलेला निघाला. म्हणून इथे मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, पण पैज लावणार नाही. सारा डोलारा मुख्यतः एका सांगाड्यावर आहे.

दख्खनसाठी आपल्याला एक सोपी फूटपट्टी आहे: रब्बी आणि खरीप. गहू, जव, मसूर ही पश्चिम आशियातून आलेली, हिवाळी पिकं. मूग आणि हुलगे मात्र इथलेच, पावसावरचे. कर्नाटकात नवाश्मयुगात गुरांच्या शेणाचे ढीग जाळून राखेची टेकाडं झाली; त्या काळातले लोक हुलगे, मूग आणि बारीक भरडधान्यं पिकवत. गहू-जव तिथे नंतर आणि थोडेच आले. इथं शेतीची सुरुवात बाहेरच्या पिकांवर अडून नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००, जवावर भर होता, सोबत हुलगेही होते, आणि पाण्यासाठी बांध आणि पाट काढलेला होता.

इनामगावात घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं भरपूर सापडली. तरी दख्खनपुरता मी दाण्यांचाच आधार घेईन, कारण उष्ण हवेत हाडांतला डीएनए सहसा टिकत नाही. राखीगढीतच ६१ नमुने चाचपल्यावर एक हाती लागला होता.