मोल्टनचा १२ पॅनलचा बॉल मराठवाड्याच्या सिमेंट कोर्टवर

बास्केटबॉलमध्ये एनबीएचा (अमेरिकेची व्यावसायिक लीग) बॉल ८ पॅनलचा, म्हणजे ८ तुकडे जोडलेला; फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघ) स्पर्धांतला मोल्टन कंपनीचा १२ पॅनलचा. अमेरिकेतून बाहेर खेळायला गेलेल्याला फिबाच्या सामन्यांत आधी हीच पकड बसवावी लागते. पॅनलमधल्या जादा खाचांमुळे बोटं छान रुततात, हे खरंच.

लातूर-नांदेडच्या सिमेंट कोर्टसाठी मात्र ७ नंबरचा रबरीच घ्या. लेदरच्या खाचांत मुरमाची धूळ बसते, पकड जाते. हवा भरताना पिन ओली करा. कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो. १.८ मीटरवरून सोडल्यावर उसळी १.२ ते १.४ हवी. मे महिन्यात डिकीत तर ठेवूच नका! हवा फुगते, एका बाजूला टेंगूळ येतं अन् ड्रिबल (टप्पे देत नेलेला बॉल) तिरका पळतो.