बुडालेली मोटरबोट वर काढणारी सेवा : रेवदंडा खाडीतील अनुभव

रेवदंड्याच्या खाडीत नांगरून ठेवलेली आमची 22 फुटी फायबरची मोटरबोट मे 2025 च्या अखेरीस जागच्या जागी बुडाली. ती वर काढण्याचे, पुन्हा चालती करण्याचे आणि पुढे तिची देखभाल पाहण्याचे काम अलिबाग तालुक्यातील एका छोट्या पथकाने केले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. पथकाचे नाव देत नाही. कामाची पद्धत नीट कळली, तर मालवण, दाभोळ किंवा मांडवी अशा कोणत्याही ठिकाणच्या बोटमालकाला आपल्या भागातील माणसे पारखून घेता येतील.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. मान्सून मुंबईत पोहोचण्याची नेहमीची तारीख 11 जून आहे. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच दाखल झाला. कोकणात हौशी लोकांच्या बोटी साधारणपणे मेच्या शेवटच्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, त्यामुळे अनेक बोटी तेव्हा पाण्यातच होत्या. नुसत्या पावसाने बोट कशी बुडेल, असे अनेकांना वाटते, पण हिशेब सोपा आहे. उघड्या डेकचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटर धरले आणि 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर बोटीत एक हजार लिटर, म्हणजे एक टन पाणी जमते. आमची बोट इंजिनासह सुमारे एक टनाची आहे. पाणी बाहेर जाण्याची वाट बंद असेल, तर एका रात्रीत तिचे वजन दुप्पट होते आणि तेही सगळे मागच्या बाजूला, जिथे इंजिन आधीच टांगलेले असते.

पथकाच्या प्रमुखांशी फोनवर बोलणे झाले, तेव्हा त्यांनी दराआधी चार प्रश्न विचारले : बोट कोणत्या बाजूवर बसली आहे, तळाशी गाळ आहे की खडक, टाकीत पेट्रोल किती होते आणि बॅटरी कुठे बसवली आहे. त्याचबरोबर, आसपासच्या मच्छीमारांच्या मदतीने दोर बांधून बोट ओढण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका, असे त्यांनी बजावले. गाळात रुतलेल्या आणि पाण्याने भरलेल्या बोटीला एका खुंट्याला दोर बांधून ओढले, की खुंटा तरी उपटतो किंवा मागची फळी तरी फाटते. मग जी बोट दुरुस्त होणार असते, ती भंगारात जाते. ते येईपर्यंत जागेवर बोया, म्हणजे तरंगती खूण, बांधून ठेवणे, बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात कळवणे आणि विमा कंपनीला छायाचित्रे पाठवणे एवढेच आम्हाला करायचे होते. संकटात सापडलेल्या माणसाला काय करू नये हे आधी सांगणारा माणूस मला अधिक विश्वासाचा वाटतो, आणि येथे तो विश्वास सार्थ ठरला.

प्रत्यक्ष उचलण्याच्या कामात त्यांची हुशारी दिसली ती क्रेन न आणण्यात. पाण्याखाली फायबरच्या बोटीचे वजन कोरड्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरते, कारण फायबर पाण्याहून फार जड नसते. त्यामुळे बोट तळापासून पृष्ठभागापर्यंत आणणे हे तुलनेने हलके काम असते. खरी अडचण काठ पाण्याबाहेर येऊ लागतो तेव्हा सुरू होते. आतले तीन-साडेतीन टन पाणी त्या क्षणापासून बोटीच्या वजनात मिळू लागते, आणि क्रेनने तिला तशीच हवेत उचलली तर पट्टे जिथे टेकले असतील तिथे बोटीचे अंग चिरते. पथकाने हे सारे काम भरती-ओहोटीवर सोपवले. वैशाखातली अमावास्या नुकतीच होऊन गेली होती आणि उधाण जोरात होते. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी एवढे चढले-उतरले नसते, म्हणून हवामानाची काळजी वाटत असूनही त्यांनी दिवस पुढे ढकलला नाही.

पूर्ण ओहोटीला दोन पाणबुडे खाली गेले. खाडीच्या गढूळ पाण्यात हाताएवढ्या अंतरावरचेही दिसत नव्हते. सगळे काम चाचपडत झाले. सर्वांत आधी त्यांनी पेट्रोलच्या टाकीची हवा जाण्याची नळी आणि भरण्याचे तोंड बंद केले, कारण बोट हलली की टाकीतले इंधन पाण्यावर तरंगू लागते आणि शेजारच्या जाळ्यांची व कालवांची नासाडी होते. नंतर पुढच्या बाजूला हवेच्या दोन पिशव्या बांधून फक्त नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, उचलली. रुतलेली बोट एकदम वर ओढायला गेले, तर चिखल तिला धरून ठेवतो. एक टोक आधी सोडवले की खाली पाणी शिरते आणि ती पकड सुटते. त्यानंतर बोटीखालून रुंद पट्टे घालून ते दोन बाजूंना उभ्या केलेल्या मच्छीमार होड्यांवरच्या आडव्या वाशांना ताणून बांधले. भरती चढू लागली तशा होड्या वर आल्या आणि त्यांच्यासोबत आमची बोटही. एका वयस्क तांडेलकाकांच्या (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) इशाऱ्यावर ते सगळे तारू हळूहळू उथळ उतारावर नेले, आणि पाणी उतरल्यावर बोट तिथे सरळ बसली.

सगळे काम हवेच्या पिशव्यांवरच का केले नाही, असे मी विचारले. पाच मीटर खोलीवर भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत सुमारे दीडपट फुगते, त्यामुळे बोट वर येताना वेग घेते आणि एक बाजू आधी वर आली तर उलटून पुन्हा तळाला जाते, हे त्यांचे उत्तर होते. पिशव्या चिखलाची पकड सोडवायला आणि बोट वर तोलून धरायला वापराव्यात, चढवायला नव्हे, हा त्यांचा नियम मला पटला.

काठ उघडा पडल्यावर आमच्यापैकी सगळ्यांनाच लगेच पंप लावण्याची घाई झाली होती. प्रमुखांनी मात्र थांबवले. "आधी पाणी आत कुठून आलं ते बघू, मग पंप लावू," असे म्हणून त्यांनी बोटीचे प्रत्येक भोक बाहेरून तपासले. या सेवेचे खरे मोल मला येथे दिसते. मिनिटाला पाचेकशे लिटर पाणी काढणारा पेट्रोलवरचा पंप बोट पाव तासाच्या आत रिकामी करतो, पण कारण शोधले नाही तर तीच बोट पुढच्या भरतीला पुन्हा बुडते, आणि दुसऱ्यांदा बुडालेली बोट वाचवणे फार कठीण असते. एक इंच व्यासाचे भोक पाण्याखाली फूटभर असेल, तर त्यातून मिनिटाला चाळीस ते सत्तर लिटर पाणी आत येते. अर्धवट भरलेल्या बोटीत पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावते, त्यामुळे ती सरळ उभी राहत नाही, हेही विसरता येत नाही. म्हणून त्यांनी आधी लाकडी गुटके ठोकून सर्व तोंडे बंद केली आणि नंतरच पंप चालवला.

कारण एकच नव्हते. डेकवरचे पाणी बाहेर सोडणारी दोन्ही भोके पालापाचोळ्याने तुंबली होती. पाणी साचून बोट मागे बसली. तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा स्विच, प्लास्टिकच्या एका तुकड्यात अडकून वर उचललाच गेला नाही. आणि पंपाची बाहेर सोडणारी नळी पाण्याच्या रेषेपासून वितभरच वर होती. बोट मागे दबताच तिचे तोंड पाण्याखाली गेले आणि नळीला वर वळसा व हवेची झडप नसल्याने खाडीचे पाणी तिच्यातून उलटे आत ओढले गेले. भर म्हणून त्याच नळीची होज क्लिप, म्हणजे नळी आवळून धरणारी पट्टी, गंजून सैल झालेली आढळली. ही कारणांची साखळी त्यांनी आम्हाला प्रत्येक जागेवर बोट ठेवून दाखवली. पुढे किनाऱ्यावर बोट वर ठेवून तिच्या तळात गोडे पाणी भरले आणि बाहेरून कुठे ओल फुटते ते पाहिले. तळाला तडा नाही याची खात्री त्यातून झाली.

पुढचा भाग वेगाचा होता आणि तिथे त्यांनी कमालीची तत्परता दाखवली. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन पाण्यात असताना जेवढे गंजत नाही, तेवढे हवेत आल्यावर गंजते. 60 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन उतरवून त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतले, स्पार्क प्लग काढून हाताने फिरवत सिलिंडरमधले पाणी बाहेर काढले, तेल बदलले आणि आत तेलाचा फवारा मारला. बॅटरी त्यांनी वारा वाहत असलेल्या मोकळ्या जागेतच हाताळली. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून विषारी क्लोरिन वायू सुटू शकतो. इंजिन वाचले. स्टार्टर, वायरिंग आणि नियंत्रणाचा इलेक्ट्रॉनिक डबा मात्र बदलावा लागला. आमच्या बिलात बोट वर काढण्यापेक्षा या वस्तूंचा खर्च अधिक होता, आणि जुनी बोट असलेल्या प्रत्येकाने उचलण्याचा करार करण्याआधी हे गणित मांडावे.

उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. पट्ट्यांखाली पुरेशी गादी न घातल्यामुळे उजव्या काठाचा थर दोन ठिकाणी खरवडला गेला आणि त्याची दुरुस्ती त्यांनी बिलातून वगळली नाही. सुरुवातीचा अंदाज फक्त उचलण्याचा होता; होड्यांचे भाडे आणि तांडेलांची मजुरी नंतर वेगळी दाखवली. जुन्या तारा वाळवून पुन्हा वापरण्याचा सल्ला त्यांच्या वर्कशॉपने दिला होता, तो मी स्वीकारला नाही, कारण खारे पाणी तारेच्या वेष्टणाखालून बरेच आत चढते आणि तांबे काळे पडत जाते; कलई केलेली नवी तार घालण्याचा आग्रह धरावा लागला. कारणांचा अहवालही कागदावर न देता छायाचित्रांसोबतच्या संदेशांतच दिला. विम्याच्या दाव्यासाठी तो सही-शिक्क्याचा मागून घ्यावा लागला.

वार्षिक देखभालीचा करार आम्ही त्यांच्याशीच केला आहे आणि त्यातील एक गोष्ट मला विशेष आवडली. महिन्यातून दोनदा त्यांचा माणूस येऊन तळात बादलीभर पाणी ओततो आणि पंप आपोआप चालू होतो की नाही, पाणी बाहेर किती जोराने पडते हे पाहतो. स्विच हाताने उचलून पाहण्यापेक्षा ही परीक्षा खरी आहे, कारण तिच्यात बॅटरी, तार, स्विच, पंप आणि नळी सगळेच एकदम तपासले जाते. पंपावर ताशी 1900 लिटर लिहिलेले असले, तरी पाणी वर चढवताना, पन्हळी नळीतून आणि उतरलेल्या व्होल्टेजवर त्याच्या निम्म्यापर्यंतच काम होते, म्हणून त्यांनी मोठा पंप बसवून नळी गुळगुळीत व वळसा दिलेली घातली. प्रत्येक नळीला 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा लावल्या, आणि जस्ताचे अ‍ॅनोड (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) निम्मे झिजले की बदलायचे हे लेखी ठरले. प्रत्येक झडपेजवळ योग्य मापाचा लाकडी गुटका दोरीने बांधलेला आहे.

करारात बोट वर ओढण्याची तारीख पूर्वी 31 मे होती. आता ती 15 मे करून घेतली आहे. बोट किनाऱ्यावर नाळ उंच करून, तळाचा बूच काढून आणि हवा खेळेल अशा आच्छादनाखाली ठेवली जाते. रेवदंडा आणि मांडवा परिसरातील बोटमालकांनी ही नोंदणी एप्रिलमध्येच करावी, कारण मेमध्ये या पथकाकडे ट्रॉली मोकळी मिळत नाही.