रँडम एन्काउंटर टेबल: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या गोष्ट रचत खेळायच्या गेममध्ये वाटेत अचानक कोण भेटलं ते फासा टाकून (रोल करून) ज्या यादीवरून ठरवतात, ते रँडम एन्काउंटर टेबल. ही टेबलं ठेवावीत का? आधीच सांगतो, ठेवा. फक्त छापील टेबल उचलून जसंच्या तसं चालवू नका आणि "कोण भेटलं" एवढ्या एका रोलवर थांबू नका. गेल्या पावसाळ्यात आमचं कॅम्पेन (अनेक सेशनं चालणारी गोष्ट) सुरू झालं तेव्हापासून मी डीएम (गेम चालवणारा) म्हणून दर सेशनला हे वापरतोय. कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या वरच्या खोलीत बसतो आम्ही, पाच प्लेअर, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) फाइव्ह ई, म्हणजे पाचवी आवृत्ती, २०१४ वालं, त्या हिशोबानं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे हे टेबल कशासाठी आहे ते समजून घ्यावं लागतं, कारण त्याशिवाय ते नुसतं मध्येच येणारं भांडण वाटतं. १९७४ च्या पहिल्या डी अँड डी मध्ये डन्जनात (राक्षस आणि खजिन्याच्या भुयारात) दर टर्नला, म्हणजे गेममधल्या दहा मिनिटांना, एक डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकायचे आणि ६ आला की वाँडरिंग मॉन्स्टर, म्हणजे भटका राक्षस. तेव्हा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मुख्यतः खजिन्यातून मिळायचे आणि अशा भटक्या मॉन्स्टरकडं खजिना जवळजवळ नसायचाच, म्हणजे तो भेटला की नुसतं नुकसान, हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे गुण) जाणार, स्पेल (जादूचे मंत्र) जाणार, हातात काही नाही. त्यामुळं वेळ वाया घालवणं महाग पडायचं, सगळी गंमत त्यात होती. फाइव्ह ई मध्ये मॉन्स्टर मारला की एक्सपी मिळतात, मग प्लेअर उलट म्हणणार येऊ दे की अजून दोन. म्हणून आम्ही मारण्याचे एक्सपी बंद केले आणि माइलस्टोनवर, म्हणजे गोष्टीतला मोठा टप्पा गाठला की, लेव्हल देतो. हा एक बदल केल्याशिवाय टेबल वापरण्यात अर्थ नाही असं माझं पक्कं मत झालंय.

डन्जनात तर हे लई भारी चालतं. मी पन्हाळ्याच्या अंधार बावीवरून एक डन्जन बनवलंय, तीन मजले, वरच्या मजल्यावर पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा, खाली पाणी, आणि गडाबाहेर निघणारी चोरवाट. ज्यानं अंधार बाव आतून बघितली आहे त्याला नकाशा समजवावाच लागत नाही. तिथं मी दर दोन टर्नला डी६ टाकतो, तोही पडद्यामागं नाही, सगळ्यांसमोर टेबलाच्या मधोमध. आमचा रोग (चोर-हेर पात्र) खेळणारा गडी आधी प्रत्येक भिंत ठोकून बघायचा, आता बाकीचेच त्याला म्हणतात, "अरे आटप भावा, रोल यायला लागलाय." शोधायचं का निघायचं यावर त्यांची आपापसात जी वादावादी होते ती ऐकत बसायला मला सगळ्यात जास्त आवडतं, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागत नाही, एक फासा टाकायचा बस.

आता रिअ‍ॅक्शन रोल. समोरचा आपल्याशी कसा वागेल ते फाशावर ठरवायचा हा जुन्या आवृत्त्यांमधला प्रकार, फाइव्ह ई मध्ये असा सरळ नाही, पण उचलून आणाच. १९८१ च्या बेसिकमध्ये (डी अँड डी ची जुनी सोपी आवृत्ती) २डी६, म्हणजे दोन डी६ ची बेरीज, टाकायचे, २ आला तर लगेच हल्ला, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ काय करावं ठरत नाही, ९ ते ११ हल्ला नाही, निघून जातील किंवा ऐकून तरी घेतील, १२ म्हणजे दोस्तीच. हिशोब करून बघा, लगेच हल्ला ३६ मध्ये एकदाच आहे! आणि वैरभाव धरला तरी ३६ पैकी १० च होतात. म्हणजे बहुतेक वेळा समोरचा लढायला आलेलाच नसतो. हे कळल्यावर आमचा गेम बदलला. घाटात दोन ओग्र (धिप्पाड राक्षस) भेटले, रिअ‍ॅक्शन १० आली, आणि "काय करताहेत" या माझ्या छोट्या टेबलावर "खातायत" आलं, तर मी त्यांना करवंदाच्या जाळीत बसवलं, तोंडं जांभळी झालेली. बार्ड (गाणारं-बोलणारं पात्र) गेला बोलायला, अर्धी पिशवी मीठ दिलं आणि पुढचा साकव कुणी तोडलाय ते कळलं. त्यातून आमची पुढची तीन सेशनं निघाली, मी काहीही ठरवलं नव्हतं.

आपल्याकडच्या माणसाला हे पटतंच. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला जाणाऱ्याला गवा दिसतो तेव्हा काय होतं? तो बघत उभा राहतो, आपण गाडी थांबवतो, तो जाईपर्यंत गप बसायचं. लढाई कुठं आहे यात, पण छातीत धडधडतंय की नाही? १९५८ पासून ते गव्यांसाठीचं अभयारण्य आहे, तिथल्या जंगलावरूनच मी माझं घाटाचं टेबल लिहिलं. गव्याला राइनोसेरॉसचा (गेंड्याचा) स्टॅट ब्लॉक, म्हणजे नियमांतले आकडे, देतो, ४५ हिट पॉइंट आणि चार्ज (धावत येऊन धडक), दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीला (प्लेअरांच्या टोळीला) पुरेसा धाक बसतो. कळपाच्या मध्ये वासरू आहे का यासाठी वेगळा रोल, असलं तर रिअ‍ॅक्शनमधून २ वजा.

टेबल बनवायला डी८ अधिक डी१२ घ्या, २ ते २० आकडे येतात. डी१०० मध्ये सगळ्या आकड्यांना सारखी संधी, त्यामुळं जंगलाला स्वभावच राहत नाही. इथं ९ ते १३ हे पाच आकडे प्रत्येकी १२ मध्ये एकदा येतात, पाच मिळून साधारण ४२ टक्के, त्या जागी रोजचे रहिवासी टाका, गवे, लाकूडतोडे, गॉब्लिन या बुटक्या राक्षसांची टोळी. २ आणि २० मात्र ९६ मध्ये एकेकदा. माझ्या २० वर ड्रॅगन आहे, पण तो अंगावर येत नाही, वरून सावली जाते आणि गवे पळत सुटतात. आणि जे मेलं ते टेबलातून खोडायचं, त्या जागी दुसरं कोण आलं ते लिहायचं. आमच्या पार्टीनं गॉब्लिनची टोळी संपवली, तिथं आता त्यांची सोडून दिलेली कुत्री फिरतात.

तक्रारही आहे, आणि मोठी आहे. फाइव्ह ई मध्ये लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की सगळे हिट पॉइंट, सगळे स्पेल स्लॉट (मंत्र वापरायच्या संधी) परत. प्रवासात दिवसाला एकच लढाई झाली तर तिचा काहीएक परिणाम उरत नाही, आणि त्या लढाईत आपला पाऊण-एक तास जातो तो वेगळाच. यावर आम्ही उघड्यावर लाँग रेस्ट बंद केली, गावात किंवा मठात छप्पर मिळालं तरच. नियमांमध्ये लाँग रेस्ट सात दिवसांची करायचा पर्यायही आहे, पण आमच्या पोरांना तो फार कडक वाटला. आता प्रवासातली एक जखम तीन दिवस अंगावर राहते, त्यामुळं रोल टाकताना सगळे फाशाकडं बघत असतात. मोरालही (शत्रूची हिंमत तपासणं) ठेवा, अर्धे पडले की २डी६ टाकून पळतात का बघायचं, नाहीतर शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत लढत बसतो आणि बाहेर अंधार पडतो.

तीन-चार तासांत संपवायच्या वन-शॉटमध्ये मात्र मी टेबल काढतच नाही. तिथं वेळेची किंमत लागायला तेवढा वेळच नसतो, त्यामुळं आधी ठरवलेले दोन एन्काउंटर घेतो आणि रिअ‍ॅक्शन रोल तेवढा ठेवतो.