गॉब्लिन चारबेल्चर : झाकल्या मुठीचा डेक

'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात काही डेक, म्हणजे खेळाडूने स्वतः पाने निवडून बांधलेले गठ्ठे, असे आहेत, की त्यांच्यासमोर बसलेला प्रतिस्पर्धी हरला तरी चिडतो आणि जिंकला तरी त्याला फारसा आनंद होत नाही. लेगसी या, जुनी-नवी बहुतेक सगळी पाने चालणाऱ्या, प्रकारातला गॉब्लिन चारबेल्चरचा डेक त्यांपैकी एक आहे. गेली आठ-नऊ वर्षे मी तो मॅजिक ऑनलाइनवर खेळत आहे, आणि या काळात अधिक भरवशाचे म्हणून घेतलेले तीन डेक महिन्या-दोन महिन्यांत बाजूला ठेवून पुन्हा याच्याकडेच वळलो आहे. त्यामुळे या परीक्षणात तटस्थपणाची अपेक्षा कोणी ठेवू नये. मात्र त्याचे दोष मला इतरांपेक्षा अधिक जवळून ठाऊक आहेत, एवढे मी सांगू शकतो.

ज्या पानावरून या डेकला नाव मिळाले, ते २००३ सालच्या 'मिरॉडिन' संचातले आहे. ते खेळायला चार माना (पाने खेळण्याचे चलन; ते मुख्यतः 'लँड' नावाच्या पानांतून मिळते) लागतात आणि वापरायला आणखी तीन. वापरल्यावर आपल्या गठ्ठ्यातली पाने वरून एकेक उघडत जायची, पहिले लँड दिसले की थांबायचे, आणि तोवर लँड नसलेली जितकी पाने उघडली तितका घाव समोरच्याला बसतो. उघडलेले लँड 'माउंटन' असेल, तर घाव दुप्पट होतो. साठ पानांत चोवीस लँड असलेल्या सर्वसाधारण डेकमध्ये हे यंत्र सरासरी दीडच्या आसपास घाव घालेल, म्हणजे ते जवळजवळ निरुपयोगी आहे. चारबेल्चर खेळणारा मात्र साठात एकच लँड ठेवतो, ते म्हणजे टायगा, आणि टायगा हे माउंटनही आहे.

एका लँडवर सात माना कुठून येणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे. हातात चारबेल्चर, लोटस पेटल, राइट ऑफ फ्लेम, डेस्परेट रिच्युअल, सिमियन स्पिरिट गाइड आणि लायन्स आय डायमंड अशी सहा पाने आली आहेत असे समजा. सातवे कोणतेही चालेल. डायमंड फुकट असल्याने तो आधीच मांडून ठेवायचा. पेटल मोडून एक लाल माना मिळतो, तो राइटवर खर्च केला की दोन होतात, ते दोन रिच्युअलवर घातले की तीन होतात, आणि स्पिरिट गाइड हातातूनच बाद करून चौथा मिळतो. या चारांत चारबेल्चर उतरतो. मग डायमंड मोडायचा. तो हातातली उरलेली सगळी पाने टाकायला लावतो, पण तोवर हातात गरजेचे काही उरलेलेच नसते. त्याच्या तीन मानांवर चारबेल्चर वापरायचा. हे सारे पहिल्याच पाळीत घडते. गठ्ठ्यात त्रेपन्न पाने असतात, समोरच्याचे सुरुवातीचे वीस प्राण संपवायला टायगाच्या वर किमान दहा पाने हवीत, आणि तसे असण्याची शक्यता त्रेचाळीस भागिले त्रेपन्न, म्हणजे सुमारे ८१ टक्के आहे. लँड ग्रँट वापरून टायगा आधीच हातात ओढून घेतलेला असेल, तर गठ्ठ्यात लँडच उरत नाही आणि संपूर्ण गठ्ठा समोरच्याच्या अंगावर कोसळतो.

आता याच्या ठिसूळपणाविषयी. लेगसीत फोर्स ऑफ विल हे निळे पान सर्रास असते. आपला एक प्राण आणि हातातले दुसरे एक निळे पान देऊन ते पहिल्याच पाळीत, एकही माना न खर्चता, समोरच्याची चाल उधळून लावते. डेकमध्ये चार फोर्स असतील, तर सुरुवातीच्या सात पानांत किमान एक असण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के असते. त्यांपैकी एकाने चारबेल्चर अडवला, की तुमच्याकडे ना हात उरतो, ना लँड, ना पुढच्या चार पाळ्यांत काही घडण्याची आशा. २०१८ साली लेगसीत गिटॅक्सियन प्रोब या पानावर बंदी आली, तेव्हा समोरच्याचा हात फुकट पाहून मग उडी घेण्याची सोयही गेली. त्या दिवसापासून हा डेक डोळे बांधून खेळावा लागतो.

या अडचणीवरचा जुना उतारा म्हणजे एम्प्टी द वॉरन्स. हे पान दोन गॉब्लिन उभे करते, आणि त्या पाळीत आधी जितकी पाने खेळली असतील तितक्या त्याच्या प्रती निघतात. वरच्याच हातात चारबेल्चरऐवजी हे पान असते, तर पेटल, डायमंड, राइट आणि रिच्युअल या चार चालींनंतर ते पाचवे ठरले असते, त्याच्या चार प्रती निघाल्या असत्या आणि दहा गॉब्लिन उभे राहिले असते. फोर्सने मूळ पान अडवले तरी प्रती सुटतात आणि आठ गॉब्लिन उरतात. चारबेल्चर हा घाव आहे आणि वॉरन्स हा वेढा. वेढ्याला दोन-तीन पाळ्या लागतात आणि तेवढ्यात समोरच्याला मैदान साफ करणारे एखादे पान सापडू शकते. चारबेल्चर आणि वॉरन्स दोन्ही शक्य असतात तेव्हा कोणते निवडायचे, हा या डेकमधला सर्वांत अवघड निर्णय आहे, आणि निळ्या डेकसमोर माझे मत बहुतेक वेळा वॉरन्सकडे झुकते.

'हा तर नुसता जुगार आहे' असे म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो इथे. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, अशा वृत्तीने हा डेक खेळणारे पुष्कळ आहेत आणि ते पुष्कळ हरतात. इतर डेकमध्ये दहा पाळ्यांवर पसरलेले निर्णय इथे पहिल्या सात पानांत दाटलेले असतात. हा हात ठेवावा की परत करावा, पहिल्याच पाळीत उडी घ्यावी की एक पान ओढण्याची वाट पाहावी, समोरच्याने एक हात परत केला असेल तर त्याच्याकडे फोर्स असण्याचा धोका किती मानावा, हे सारे चाल करण्यापूर्वीच ठरवावे लागते. २०१९ साली मलिगनचा, म्हणजे हात परत करून नवा घेण्याचा, नियम बदलला आणि प्रत्येक वेळी सात पाने पाहून जास्तीची तळाशी सारता येऊ लागली. त्यामुळे पाच पानांवरूनही पहिल्या-दुसऱ्या पाळीत जिंकणे आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. पण कोणती पाच पाने ठेवायची, हे कळायला मला दोन वर्षे लागली, आणि दर महिन्याला डेक बदलणाऱ्याला ते कळेल असे मला वाटत नाही. एकाच डेकला चिकटून राहण्याचा खरा मोबदला, माझ्या मते, हाच आहे.

चुकांची किंमतही इथे रोख चुकवावी लागते. बर्निंग विश हे डेकबाहेरून हवे ते पान आणणारे पान खेळल्यावर, ते फळाला येण्यापूर्वी, मध्येच डायमंड मोडायचा असतो; संगणकावर त्यासाठी कंट्रोलची कळ दाबून धरावी लागते. एका रात्री, लीगच्या पाचव्या सामन्यात, मी विश मांडण्याआधीच डायमंड मोडला आणि विशसकट अख्खा हात माझ्या हातानेच टाकून दिला. समोरच्याने काही न बोलता एक लँड ठेवले आणि पाळी सोडली. त्या वेळी तो काही बोलला असता तर बरे वाटले असते.

पहिल्या डावात या डेकची मूठ झाकलेली असते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्याला काही कळण्यापूर्वीच डाव संपतो. दुसऱ्या डावात तो राखीव पानांतून माइंडब्रेक ट्रॅप आणि फोर्स ऑफ निगेशन ही चाल अडवणारी पाने घेऊन तयार असतो आणि मुठीची किंमत उतरते. लँड ग्रँट फुकट खेळायचे तर स्वतःचा हातच समोरच्याला दाखवावा लागतो, ही त्यात आणखी एक गोची.

खर्चाची बाजू वाईट आहे. डायमंड आणि टायगा ही दोन्ही पाने कंपनीच्या 'रिझर्व्ड लिस्ट'मध्ये आहेत, म्हणजे ती पुन्हा छापली जाणार नाहीत, आणि चार डायमंड कागदावर विकत घेणे पगारदार माणसाने गंभीरपणे मनात आणू नये. मॅजिक ऑनलाइनवर पाने भाड्याने मिळतात, तो मार्ग शहाणपणाचा आहे. वेळेच्या बाबतीत मात्र यासारखा डेक नाही. तिथे सामन्यासाठी प्रत्येकाला पंचवीस मिनिटे मिळतात, मला त्यांतली चार-पाचही लागत नाहीत. रात्रीचे जेवण आवरून बसलो, तर पाच सामन्यांची लीग तासाभरात संपते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला एक सूचना. २०२० साली 'झेंडिकार रायझिंग' संचात मागच्या बाजूला लँड असलेली दोन बाजूंची पाने आली. हातातून ती लँड म्हणून ठेवता येतात, पण गठ्ठ्यात असताना लँड म्हणून मोजली जात नाहीत. त्यामुळे एकही खरे लँड नसलेला चारबेल्चर बांधता येतो. त्यात टायगा आडवा येण्याचा १९ टक्क्यांचा धोका नाही आणि लँड ग्रँटसाठी हात उघडा करण्याची वेळही येत नाही. बदल्यात ते लँड त्याच पाळीत वापरायचे तर बऱ्याचदा तीन प्राण मोजावे लागतात, पण पहिल्या पाळीत जिंकू पाहणाऱ्या डेकला तीन प्राणांचे काय! कागदावर हिशेब मांडला तर ही नवी बांधणी सरस आहे, आणि कोणी विचारले तर मी तीच घ्यायला सांगतो. माझ्या स्वतःच्या डेकमध्ये अजून टायगाच आहे. गेल्या आठवड्यात तो वरून चौथ्या पानावर निघाला. तीन पाने, दुप्पट सहा घाव, आणि समोरच्याचे चौदा प्राण शिल्लक.