व्हिटमन काउंटी: पूर्वेची माती आणि पश्चिमेची

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली व्हिटमन काउंटी (म्हणजे जिल्हा) गव्हासाठी ओळखली जाते. पण तिच्या दोन टोकांच्या मातीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पूर्वेला, पुलमन शहराच्या आसपास, पलूस (Palouse) नावाच्या प्रदेशातल्या टेकड्या आहेत. वाऱ्याने हजारो वर्षं वाहून आणलेली पोयट्याची माती इथे कित्येक मीटर खोल साचली आहे. चिमटीत चोळली तर पिठासारखी मऊ लागते. हिवाळ्यातल्या पावसा-बर्फाचं पाणी ती धरून ठेवते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही सिंचनाशिवाय गहू, मसूर, हरभरा पिकतो. तिचं दुखणं एकच, पण मोठं: उतारांवरून ती धुपते. कित्येक माथ्यांवर काळा थर जाऊन खालची फिकट, चिकण माती उघडी पडली आहे. इतकी सकस जमीन अशी वाहून जाताना पाहून जीव हळहळतो.

पश्चिमेकडे हिमयुगाच्या अखेरीस मिसूला या हिमतलावाचा बर्फाचा बांध वारंवार फुटून आलेल्या महापुरांनी हा पोयटा खरवडून नेला. उरला बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर पातळ, गोटाळ थर. तिथे गवत, सेजब्रशची झुडपं, गुरांची चराई. मधेमधे वाचलेल्या खोल मातीवर गहू होतो, पण पाऊस कमी, म्हणून बरेच शेतकरी एक वर्षाआड रान पडीक ठेवतात.

भरवशाचं पीक घ्यायचं तर पूर्वेलाच. पश्चिमेच्या कातळावर नांगराचा हट्ट नको, तिथे गुरंच बरी.